ममता बसलेली नाही

कळसाडी गावात हळदीला, बारशाला बायकांना बोलवायचं काम रंजनाबाईंकडे असे. गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहून त्यांनी हाक दिली की शेवटच्या घरातली सासू आणि सून दोघी बाहेर येत. मोबाइल आला आणि हे काम गावाच्या ग्रुपवर गेलं. सून हेमांगीनं त्यांना बोलून निरोप पाठवायला शिकवलं. मग रंजनाबाई ओट्यावर बसून फोनमध्येही तशाच मोठ्यानं हाक मारू लागल्या. हेमांगी हसून म्हणायची, "आई, हळू बोला. फोनला ऐकू येतं."

नवरा गोपाल गेल्यापासून त्यांचा खरा आधार म्हणजे धाकटा दीर चुनीलाल. कापसाच्या वेचणीपासून मुलाच्या लग्नापर्यंत सगळीकडे तो उभा राहिला. मुलगा नोकरीला सुरतेत, त्यामुळे दुखलंखुपलं तरी पहिली हाक चुनीलाललाच. यंदा तो ग्रामपंचायतीला उभा होता. त्याच्यासमोर त्याच वॉर्डातून ममता उभी राहिली. ती गावालगतच्या वस्तीवर राहायची, रंजनाबाईंच्या शेतात निंदणीला यायची. अर्ज भरला त्या दिवशी ती पेढा घेऊन आली, तेव्हा रंजनाबाईंनी तिला तोंडावर सांगितलं, "ममता, मी तुले मत नई देसू. घरना माणूस उभा शे."

"माहीत शे, काकू," ममता म्हणाली. "पेढा तरी खाशात ना?"

रंजनाबाईंनी पेढा खाल्ला.

मतदानाच्या आदल्या दिवशी दुपारी ग्रुपवर ममताचा हात जोडलेला फोटो आला. खाली लिहिलं होतं की ममता बसली, माघार घेऊन तिनं चुनीलालभाऊंना पाठिंबा दिला. बघता बघता खाली अंगठ्यांची आणि फुलांची रांग लागली. रंजनाबाईंनीही एक फूल टाकलं. मनातून त्यांना बरंच वाटलं होतं. भांडण मिटलं, दीर निवडून आल्यात जमा.

तेवढ्यात ममता धापा टाकत अंगणात आली. डोळे लाल.

"काकू, मी बसनी नई! कोन्हीतरी खोटं टाकं." वस्तीवरचे पुष्कळ लोक ऊसतोडीला गुजरातेत होते. मतदानाला ते जीपनं निघणार होते. हा निरोप तिकडेही पोचला होता आणि आता ते म्हणत होते की उमेदवारच बसली, तर मजुरी बुडवून यायचं कशाला? ममतानं फोन करकरून सांगितलं, पण ग्रुपवर आलंय म्हटल्यावर अर्ध्यांना तिचंच खरं वाटेना.

रंजनाबाईंनी ग्रुप उघडला. त्यांचं फूल तिथं तसंच होतं. त्यांना एकदम लाज वाटली. ममता हाकेच्या अंतरावर, आणि आपण तिला विचारलंसुद्धा नाही.

हेमांगी हळूच म्हणाली, "आई, काकांना राग येईल."

"येऊ दे," रंजनाबाई म्हणाल्या. पाणी पिऊन त्या उठल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि ममताचा हात धरून तिला शेजारी उभं केलं. "काढ व्हिडिओ," त्यांनी हेमांगीला सांगितलं.

"ऐका," त्या म्हणाल्या. "मी रंजनाबाई. चुनीलाल मन्हा दीर शे. ही ममता. ती बसेल नई, उभी शे, मन्हा बाजूले उभी शे. तो निरोप खोटा शे. मीबी त्याले फूल टाकं, मन्हं चुकनं. कोन्हले मत देवानं ते ज्यानं त्यानं ठरावानं. पन खोटं ऐकीसन घर बसू नका."

व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर गेला, तिथून वस्तीवर आणि वस्तीवरून उसाच्या फडात. सकाळी मतदानाच्या रांगेत त्या उभ्या असताना जीप आली. अंगावर उसाची कुसळं, डोळ्यांत झोप, तशीच माणसं उतरून रांगेला लागली. एक म्हातारी रंजनाबाईंजवळ थांबली, "तूच ना ती फोनवाली?" म्हणाली आणि त्यांच्या गालावरून हात फिरवून पुढे गेली.

रंजनाबाईंनी मत चुनीलाललाच दिलं. तो थोडक्यात निवडून आला. गुलाल घेऊन मिरवणूक त्यांच्या दारावरून गेली, पण चुनीलाल आत आला नाही. संध्याकाळी ममता आली आणि त्यांच्याजवळ ओट्यावर बसली. ती म्हणाली, "हारनू ते हारनू, काकू. पन लढीसन हारनू." रंजनाबाईंनी तिला जवळ घेतलं आणि त्यांनाच रडू आलं.

चुनीलाल थेट अक्षय्य तृतीयेला, आखाजीच्या सणाला आला. हेमांगीनं ताट वाढलं. रंजनाबाईंनी पुरणाच्या मांड्यावर तूप घातलं. तो खाली मान घालून म्हणाला, "वहिनी, निरोप माझ्याच प्रचारातल्या पोरांनी टाकला होता. मला कळलं होतं. मी काढायला लावला नाही."

"जेव आधी," त्या म्हणाल्या आणि आणखी तूप वाढलं. तो जेवल्यावर मात्र त्यांनी विचारलं, "ममताला सांगितलंस?"

"नाही."

"मग सांग."

हात धुऊन चुनीलाल बाहेर पडला आणि वस्तीच्या वाटेला लागला. रंजनाबाई दारात उभ्या राहून त्याच्याकडे पाहत राहिल्या. आत फोन वाजला. कुठल्याशा बाईनं एक निरोप पुढे पाठवून त्यांना विचारलं होतं, हे खरं शे का?