पाठमोरी खुर्ची

दत्तादादा गेल्याचं मला शिडीवर असताना कळलं. आखातात, हाइलच्या आमच्या साइटवर पॅनेलचं काम चालू होतं. खालून फोरमन ओरडला, "विजय, नीचे आ, तेरा फौजी भाई गया." गेटवरच्या वॉचमनच्या ड्युटीत, बसल्या जागी गेला. इकामा म्हणजे तिथला राहण्याचा परवाना, कफीलची म्हणजे मालकाची सही, सगळे सोपस्कार उरकून तो पेटीतून गावी पोचला आणि त्याचं वैर तेवढं माझ्याकडे राहिलं.

वैर तांडेलशी. तो आमच्या कामगार कॅम्पच्या मेसचा आचारी, आमच्याच तालुक्यातला. दादा माझा चुलतभाऊ, तेव्हा फौजेत हवालदार आणि आमच्या वाडीच्या कबड्डी संघापायी पुरता वेडा. लढाई पेटली तेव्हा तो वर बर्फात होता. तिथून त्याची ताकीद असे, पत्रात आधी सामन्याचा निकाल लिहायचा, आईची तब्येत नंतर! त्या वर्षी आम्ही फायनल एका गुणाने हरलो. शेवटची चढाई माझी. दोघांना शिवून परत येताना पंचाने शिट्टी फुंकली, दम तुटला म्हणून मला बाद दिलं. पंच हाच तांडेल. मी दादाला लिहिलं, पंचाने फसवलं. त्याचं उत्तर आलं, "इकडे तोफा चालू आहेत, पण झोप उडवली ती त्या हरामखोराने."

सुट्टीवर आला तो बॅग खांद्यावर घेऊनच तांडेलच्या दारात गेला. चारचौघांत त्याची लाज काढली. तांडेल मान खाली घालून उभा राहिला, एक शब्द बोलला नाही. पुढे दादा फौजेतून निवृत्त झाला आणि पोटापाण्यासाठी तिघेही एकाच कॅम्पात आलो... दादा दर शुक्रवारी संघाची पिवळी बनियन घालून मेसमध्ये यायचा आणि खुर्ची फिरवून तांडेलकडे पाठ करून जेवायचा. मी म्हटलं, "दादा, आता सोड ना." तर म्हणाला, "तुझा गुण खाल्लाय त्याने. मी मरेपर्यंत सोडत नाही." आणि नाहीच सोडलं.

मेसमध्ये दादाचा फोटो ठेवला, तेव्हा तांडेल हार घेऊन आला. डोळे सुजलेले. मी त्याचा हात झिडकारला. "हात लावू नकोस. लाज वाटत नाही?"

तो हळूच म्हणाला, "विजय, दम तुटला होता तुझा. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो."

मी विचारलं, "मग त्याला कधी सांगितलं का नाहीस?"

"लढाईवरच्या माणसाला तू लिहिलंस ते मी खोटं पाडू? आणि नंतर... तुझ्यावर जीव होता त्याचा."

दम तुटला होता. मला त्याच क्षणी कळलं होतं, पत्र लिहितानाही माहीत होतं. पण खरं सांगतो, तेव्हा मला तांडेलचा पूर्वी कधी आला नव्हता इतका राग आला. कुणी मागितला होता याचा चांगुलपणा? एकदा तोंड उघडलं असतं तर दादाने मला दोन थोबाडीत दिल्या असत्या आणि विषय संपला असता. आता त्या थोबाडीत मला कोण देणार?

पिवळी बनियन मी ठेवून घेतली. शुक्रवारी ती घालून दादाच्या खुर्चीवर बसतो, तांडेलकडे पाठ करून. तो बांगड्याचं कालवण वाढून जातो. खुर्ची फिरवायला हवी हे मला कळतं... चार शुक्रवार झाले. अजून फिरवलेली नाही.