पावणेदोन मीटरची खोली

प्रवेशाच्या फॉर्मवर ‘पालकाचे नाव’ असा एक रकाना होता. मी तेव्हा त्रेचाळीस वर्षांची होते आणि माझी मुलगी अकरावीत होती. काउंटरपलीकडची केरळी मुलगी हिंदीत म्हणाली, “मॅडम, इथे नवऱ्याचं नाव लिहा.”

“माझं स्वतःचं नाही चालणार?”

“पालक म्हणजे तुमची जबाबदारी घेणारा माणूस.”

“मग मीच,” म्हणून मी माझंच नाव लिहिलं. तिने फॉर्म फिरवून पाहिला, थोडी हसली आणि शिक्का मारला. मस्कतच्या त्या छोट्या कॉलेजात इंटीरियर डिझाइनच्या दोन वर्षांच्या डिप्लोमाला मी अशी दाखल झाले.

नवऱ्याला मी हे त्या संध्याकाळी फोनवर सांगितलं. तो दूर दुक्म बंदराच्या प्रकल्पावर इंजिनियर. एक आठवडा सोडून गुरुवारी सहा तास गाडी चालवून मस्कतमधल्या घुब्र्याच्या आमच्या फ्लॅटवर यायचा आणि शनिवारी दुपारी परत निघायचा. सगळं ऐकून तो म्हणाला, “अगं, हौस आहे तर ऑनलाइन कर ना. रोज गाडी काढून त्या पोरींमध्ये जाऊन बसायचं म्हणजे...”

“म्हणजे काय?”

“म्हणजे काही नाही. लोक विचारतील.”

“विचारू देत. मी सांगेन.”

मुलीला लोकांची जास्त काळजी होती. तिचं मराठी अडखळतं, त्यामुळे भांडताना ती इंग्रजीत जाते आणि विनवणी करताना परत मराठीत येते. “मम्मी, प्लीज, माझ्या फ्रेंड्सना सांगू नको की तू पण कॉलेजला जाते,” एवढं तिने मराठीत सांगितलं. मी सांगितलं नाही. पण एके दिवशी पाठीवर ड्रॉइंगची लांब नळी अडकवून तिला शाळेतून आणायला गेले आणि सगळ्यांना कळलं. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

आमच्या इमारतीच्या आसपास सातआठ मराठी कुटुंबं राहतात. एका दुपारी चहाला जमलो असताना कुणीतरी म्हणालं, “उशा कुठे ठेवायच्या हे शिकायला दोन वर्षं लागतात होय?” सगळ्या हसल्या. दुसरीने विचारलं, “मग आता तुम्ही देवघराची दिशाबिशा पण सांगणार का आम्हाला? तुमचं स्वतःचं कुठल्या बाजूला आहे?”

“आमच्याकडे देवघर नाही. बुद्धाची मूर्ती आहे, ती पुस्तकांच्या कपाटावर.”

मग चहा थोडा वेळ गप्पपणे झाला. ती शांतता माझ्या ओळखीची आहे. शाळेत आडनाव सांगितल्यावर पडायची, तीच. पूर्वी अशा वेळी मी विषय बदलायची. त्या दिवशी बदलला नाही. कप खाली ठेवला आणि उशा कुठे ठेवायच्या हे पहिल्या वर्षी कुणी शिकवत नाही, आधी भिंत कशी उभी राहते ते शिकवतात, हे शांतपणे समजावून सांगितलं.

वर्गात आम्ही चौदा जणी होतो. बाकीच्या सगळ्या अठरा-एकोणीसच्या, बहुतेक ओमानी. त्या मला ‘खाल्ती’ म्हणायच्या, म्हणजे मावशी. संगणकावर त्यांची बोटं पळायची, माझी चाचपडायची. रंग आणि कापडाचे नमुने चिकटवून केलेल्या माझ्या पहिल्या फलकाला विभागप्रमुखांनी ‘सी’ दिला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “ही अभिरुची वीस वर्षं जुनी आहे.” ते जॉर्डनचे, उंच आणि नीटनेटके. शिकवायचे उत्तम. शिकवणं इंग्रजीतच असायचं, तेही इंग्रजीतच म्हणाले. मला लागलं. पण मापांत मला कुणी हरवू शकत नव्हतं. टेप घेऊन मी स्वतःच्या घरातलं सगळं मोजलं होतं. ओट्याची उंची, दाराची रुंदी, मुलगी अभ्यासाला बसते तेव्हा तिच्या कोपरापासून भिंतीपर्यंतचं अंतर. मस्कतबाहेरच्या बरकाहून रोज गाडी चालवत येणारी एक मुलगी माझ्या शेजारी बसायची. ती मला संगणक शिकवायची आणि मी तिला सेक्शन काढायला शिकवायची, म्हणजे घर उभं चिरलं तर आत कसं दिसेल ते.

तिसऱ्या सत्रात मोठा प्रकल्प आला. सगळ्यांना एकाच दुमजली व्हिलाचा नकाशा मिळाला. त्यातली एक जागा निवडायची, तिचं पूर्ण डिझाइन करायचं आणि बाहेरच्या परीक्षकांसमोर मांडायचं. कुणी मजलिस, म्हणजे पाहुण्यांची बैठक घेतली, कुणी जिन्याखालचं दालन, कुणी मास्टर बेडरूम. मी नकाशा पाहत बसले. स्वयंपाकघराच्या मागे एक चौकोन होता आणि त्यात बारीक अक्षरांत ‘मेड’ एवढंच लिहिलेलं, म्हणजे कामवाल्या बाईची खोली. रुंदी पावणेदोन मीटर, लांबी दोन मीटर दहा. दार आत उघडणारं, ते पलंगाच्या कोपऱ्याला अडणार हे उघड दिसत होतं. खिडकी नव्हती. शेजारी कपडे धुण्याची खोली होती, तिला बाहेरची भिंत होती आणि खिडकीही होती. कपड्यांना उजेड होता आणि बाईला नव्हता.

मी विभागप्रमुखांकडे गेले. “सर, मी ही खोली घेते.”

त्यांना वाटलं मी चुकून बोट ठेवलं. “ती? त्यात इंटीरियर काय करणार?”

“झोपायची खोली आहे, सर. म्हणजे बेडरूमच.”

“परीक्षक बाहेरून येणार आहेत. त्यांना तुमचं कौशल्य दिसायला हवं. चार चौरस मीटरसुद्धा भरत नाही ती.”

“म्हणूनच घेते.”

“मार्क कमी पडले तर माझ्याकडे येऊ नका.”

“नाही येणार,” मी म्हटलं.

नुसता नकाशा पाहून मला काम सुरू करायचं नव्हतं. आमच्या वरच्या मजल्यावर एक मराठी कुटुंब राहायचं. त्यांच्याकडे आंध्रातली एक बाई पूर्णवेळ कामाला होती. घरच्या बाईंना मी विचारलं, कॉलेजच्या कामासाठी तिची खोली मोजू का. त्या म्हणाल्या, मोजा की. खोलीत पलंग, पलंगाखाली तिची सूटकेस, भिंतीला दोरी, दोरीवर साडी आणि टॉवेल. इस्त्रीचं टेबलही तिथेच उभं करून ठेवलेलं. मी टेप लावत असताना ती आडवी होऊन दाखवत म्हणाली, “दीदी, मैं ऐसे सोती हूँ.” गुडघे पोटाशी घेऊन, कुशीवर. कारण पाय सरळ केले तर इस्त्रीच्या टेबलाला लागायचे.

मी माप लिहून घेतलं आणि तिची ती कुशीवरची आकृतीही वहीत काढली.

आता हे सांगायलाच हवं. माझी आई अकोल्याच्या एका दवाखान्यात आया होती. वडील लवकर गेले. दवाखान्याच्या जिन्याखाली एक जागा होती, तिथे आम्ही दोघी नऊ वर्षं राहिलो. जिन्याच्या उताराखाली डोकं ठेवायचं तर बसूनच, उभं राहायचं तर दाराजवळ. आई दिवसभर पेशंटच्या खोल्या पुसायची, त्या खोल्यांना मोठमोठ्या खिडक्या होत्या. ती तक्रार करणारी नव्हती. एकदाच म्हणाली होती, “माणसाले पाय लांब करून निजता आलं पायजे, बाई. बाकी काही नसलं तरी चालते.” मी शिकले, पॉलिटेक्निकला सिव्हिलला गेले, दुसऱ्या वर्षी लग्न ठरलं आणि ते शिक्षण सुटलं. पुढचं सगळं बरं झालं. पण दुसऱ्याच्या घरी गेले की दिवाणखान्याआधी माझी नजर जिन्याखाली जाते, ती अजून जाते.

मोजमाप झाल्यावर दोनच दिवसांनी वरच्या बाईंनी मला लिफ्टमध्ये गाठलं. मी त्यांच्याकडच्या बाईची झोपायची पद्धतसुद्धा वहीत काढली, हे त्यांना कळलं होतं.

“आमच्या घरात तिला काय कमी आहे, सांगा बरं. आमच्याच ताटातलं जेवते ती.”

“जेवणाचं मी काहीच म्हटलं नाही, ताई. इस्त्रीचं टेबल तेवढं बाहेर काढा. तिचे पाय अडतात.”

“तुम्ही डिझाइन शिकताय की दुसऱ्यांची घरं सुधारताय?”

“दोन्ही एकच आहे,” मी म्हटलं. त्यानंतर त्या माझ्याशी बोलेनाशा झाल्या. चहाची बोलावणीही बंद झाली. नवरा आला तेव्हा म्हणाला, “कशाला वाकड्यात जायचं? इथं आपण चार मराठी माणसं.” मी त्याला माझा बदललेला नकाशा दाखवला. तो बराच वेळ पाहत राहिला. इंजिनियरच तो. शेवटी म्हणाला, “पाण्याची लाइन किती सरकते, ते लिहून ठेव. पहिला प्रश्न तोच येईल.” आणि त्या शुक्रवारी माझ्यासोबत बसून त्याने मॉडेलसाठी फोम बोर्ड कापला.

माझी कल्पना साधी होती. दोन खोल्यांची अदलाबदल. कपडे धुण्याचं यंत्र आत, त्याला हवा बाहेर फेकणारा पंखा पुरतो. बाई बाहेरच्या भिंतीकडे, खिडकीपाशी. दार बाहेर उघडणारं, आतून कडी. भिंतीत एक खोबण, सूटकेस उभी राहील एवढी. पलंग पूर्ण लांबीचा.

परीक्षेच्या दिवशी मांडणीला वीस मिनिटं होती. माझी बारा मिनिटांत संपली. परीक्षक दोघे, एक पुरुष आणि एक ओमानी डिझायनर बाई. पुरुषाने विचारलं, “पाइपचं काम वाढतं, त्याचं काय?”

“दोन मीटर, सर. आकृतीत दाखवलंय.”

“आणि घरमालक ऐकेल?”

“काही ऐकतील, काही नाही.”

ओमानी बाईंनी माझं मॉडेल उचलून त्या एवढ्याशा खिडकीतून आत पाहिलं. मग विचारलं, “हीच खोली का घेतलीत? काही वैयक्तिक कारण?”

उत्तर जिभेवर होतं. जिना, दवाखाना, आई. पण आईची गोष्ट सांगून मला मार्क मागायचे नव्हते. ज्याला आई आया नव्हती, त्यालाही ही खोली चुकीची दिसायला हवी. मी म्हटलं, “नकाशात चूक होती, मॅडम. ती दुरुस्त केली.”

त्यांनी मान हलवली. निकाल आला, ‘सी प्लस’. शेरा होता, ‘काम अचूक, आवाका लहान’. वर्षअखेरच्या प्रदर्शनासाठी निवडलेल्या कामांत माझं नाव नव्हतं. ठरल्याप्रमाणे मी विभागप्रमुखांकडे गेले नाही. प्रदर्शनाच्या सकाळी माझ्या प्रकल्पाचे तीन मोठे कागद घेऊन हॉलबाहेरच्या व्हरांड्यात गेले आणि स्वच्छतागृहाजवळच्या रिकाम्या भिंतीवर लावू लागले. बरकाची मुलगी मागून आली. मला वाटलं, ती अडवेल. तिने पिनांचा डबा हातात धरला.

“खाल्ती, आमच्या घरीपण अशी खोली आहे,” ती म्हणाली. “मी तिच्या आत कधी गेलेच नव्हते. परवा गेले.”

“मग?”

“दिवा लावल्याशिवाय काहीच दिसलं नाही.”

प्रदर्शन बघायला आलेले लोक हात धुवायला जाता-येता थांबून पाहत होते. कॉलेजची साफसफाई करणाऱ्या दोन बांगलादेशी बायका मोपला टेकून बराच वेळ उभ्या राहिल्या. त्यांतल्या एकीने खिडकीवर बोट ठेवून दुसरीला काहीतरी सांगितलं. विभागप्रमुखही आले. कागद पाहिले, माझ्याकडे पाहिलं. मी नजर खाली केली नाही. एका कोपऱ्याची पिन निघाली होती, ती त्यांनी अंगठ्याने दाबून बसवली आणि आत गेले.

डिप्लोमा मिळाला. पदवीदानाला मुलगी आली. तिने काढलेला फोटो स्वतःहून तिच्या मैत्रिणींना पाठवला, हे मला नंतर कळलं. वरच्या मजल्यावर कामाला असलेली बाई त्याआधीच गावी परत गेली होती. इस्त्रीचं टेबल शेवटपर्यंत हललं की नाही, ते मला कळलं नाही.

आता मी मस्कतमधल्याच अल् खुवैरच्या एका छोट्या कार्यालयात काम करते. आठवड्याला दोन-तीन नकाशे हाताखालून जातात, आणि जवळजवळ प्रत्येकात मागे कुठेतरी तो बारीक अक्षरांचा चौकोन असतो. मी तो मोजते, दार फिरवते, भिंत सरकवते आणि मग वरिष्ठांकडे पाठवते. सुरुवातीला ते म्हणायचे, “खलास, पुरे, ते राहू दे, क्लायंटने मागितलेलं नाही.” हल्ली म्हणतात, “तूच समजाव मग त्यांना.” मी समजावते. आतापर्यंत तीन घरांत खिडकी झाली. दोन घरांनी काम दुसऱ्याला दिलं. त्यांतल्या एका घरच्या बाईंनी जाताना मला विचारलं होतं, “तुम्हाला आमच्या मोलकरणीची एवढी काळजी का?” मी म्हटलं, “तुमच्या घराचीच काळजी आहे, मॅडम. ती खोली तुमच्याच घरात आहे.” त्यांना ते पटलं नाही. पुढचा नकाशा टेबलावर होताच, मी स्केल उचलली.