आत्याच्या दुसऱ्या डोळ्याचं भिंग
शहाण्णव सालच्या दिवाळीआधी माधवनगरच्या गिरणीत सूत जोडणाऱ्या माझ्या आत्यावर अन्याय झाला. डोळ्यांच्या शिबिरात डोळ्याची मापं न घेताच तिच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढून भिंग बसवलं, आणि धागा दुहेरी दिसतो म्हटल्यावर ‘वय झालंय’ म्हणून हाकललं. दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या वेळी सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी आधी बुबुळाचा बाक मोजला. “मावशी, तुमच्या बुबुळाचा बाक सगळीकडे सारखा नाही, म्हणजे तुम्हाला सिलिंडर नंबर आहे. या भिंगानं तो जाणार नाही, दोन्ही डोळ्यांना चष्मा लागेल.” “आवं, घरात ग्यास न्हाई, आन् डोळ्यात सिलिंडर व्हय?” आत्या हसली. ऑपरेशन झालं, चष्मा आला आणि तिनं तुटलेला धागा पहिल्याच फटक्यात जोडला. आजही सुताच्या खळीचा वास आला की मी त्या डॉक्टरीणबाईंना मनोमन हात जोडते. तुम्हीही ऑपरेशनच्या टेबलावर आडवं होण्याआधी विचारा: माझ्या डोळ्याचं माप घेतलं का?