मूठभर भुसा

उंदरांच्या खोलीत शिरण्याआधी मावशी दाराशी खोकायची. "पोटुशी आहेत गं, दचकवायचं नाही कुणाला!"

अठ्ठावीस वर्षं तिने प्रयोगशाळेतल्या उंदरांचे पिंजरे धुतले होते. घरी लेक नाक दाबून म्हणायची, "आई, आधी आंघोळ, मग माया!" पण कोणत्या मादीचं नराशी जमलं, हे सकाळी मादीच्या शेपटीखालची खूण पाहून मावशीइतकं अचूक कुणी सांगत नसे. खूण दिसली की पिंजऱ्यावर चिठ्ठी: पहिला दिवस. तिथून एकोणीस-वीस दिवसांत बाळंतपण.

यंदा त्या चिठ्ठ्यांवर तिथे संशोधन करणाऱ्या एका मुलीची पदवी टांगलेली होती. मादीच्या शेपटीतून रक्ताचा थेंब घ्यायचा आणि गर्भ धरून ठेवणारं संप्रेरक, प्रोजेस्टेरॉन, किती चढलं ते मोजायचं, हा तिचा अभ्यास. दोन वर्षं सुरळीत गेली आणि शेवटच्या तुकडीत माशी शिंकली.

"बारापैकी नऊ, मावशी!" मुलगी रडवेली होऊन कागद नाचवत आली. "पाचव्या दिवशी आकडा धाडकन खाली. गर्भ रुजलेच नाहीत!"

मागोमाग तिचे सर. "खूण चुकीची पाहिली असेल, नाहीतर रक्त काढताना घोळ. कारण सापडलं नाही, तर या आकड्यांवर मी सही करणार नाही."

"खूण माझी आहे," मावशी ताठ झाली. "ती चुकायची नाही."

बोलून गेली खरी, पण दिवसभर डोक्यात भुंगा. खाणं तेच, पाणी तेच, दिवे तेच. मग बदललं काय? पिंजरा पुसता पुसता तिचा हात थांबला.

बादली.

धुतलेल्या पिंजऱ्यात मादी बावरते, म्हणून मावशी जुना भुसा एका बादलीत काढायची आणि त्यातला मूठभर प्रत्येक नव्या पिंजऱ्यात टाकायची. "घरचा वास लागतो बिचारीला." वर्षानुवर्षं सगळे उंदीर एकाच वाणाचे, कुणाला बाधलं नाही. पण गेल्या महिन्यात पलीकडच्या खोलीत परक्या वाणाचे तपकिरी नर आले होते. त्यांचाही भुसा त्याच बादलीत.

गप्प बसली असती तर कुणाला कळणार होतं? अठ्ठावीस वर्षांत एक ठपका नव्हता. पण आतल्या खोलीत ती पोर टेबलावर डोकं टेकून बसली होती.

"सर, माझ्या हातून झालंय," मावशीने जाऊन सगळं सांगितलं.

सर ओरडले नाहीत. खुर्ची ओढून बसले. "सुरुवातीच्या दिवसांत परक्या नराचा वास आला, तर मादीचा मेंदू गर्भ धरायचा निरोप पाठवणं थांबवतो. संप्रेरक पडतं, गर्भ रुजत नाही. हे मला ठाऊक होतं, मावशी. पण नर पलीकडच्या खोलीत, म्हणून तो विचार मी सोडून दिला."

"तिने त्याला पाहिलं नाही, तो तिला शिवला नाही... नुसत्या वासाने?"

"नुसत्या वासाने."

मावशीने पिंजऱ्यांच्या खोलीकडे वळून पाहिलं. इतकी वर्षं ती ज्यांची उष्टी-खरकटी काढत होती, त्या बोटभर जिवांच्या आत एवढा मोठा कारभार चालला होता!

नवी तुकडी लावली. सहा माद्यांना त्यांच्याच पिंजऱ्यातला भुसा, सहांना तपकिरी नरांचा. दुसऱ्या सहांपैकी पाचजणींचा आकडा पडला. पहिल्या सहांचा चढत गेला; मुलगी रोज आलेख आणून दाखवी आणि मावशी त्या रेषेवरून हलकेच बोट फिरवी. सरांनी जुन्या आणि नव्या, दोन्ही तुकड्यांच्या आकड्यांवर सही केली.

अठराव्या दिवशी मावशी आलेख घेऊन धावत आली. "अगं, पडलं! पुन्हा पडलं!"

"पडायलाच हवं आता," मुलगी हसली. "ते उतरल्याशिवाय कळा सुरू होत नाहीत."

"म्हणजे पाचव्याला उतरलं तर सगळं संपतं, आणि आता उतरलं तर सुरू होतं?"

"हो."

"आणि हिला कोण सांगतं गं, कधी उतरायचं ते?"

मुलीने खांदे उडवले. "तेच तर शोधतेय."

समोरच्या पिंजऱ्यात ती मादी कागदाच्या पट्ट्या दाताने ओढून कोपऱ्यात घरटं रचत होती. कुणी न शिकवता, घाईघाईने. मावशीने खुणेनेच मुलीला गप्प केलं आणि दोघी श्वास रोखून पाहत राहिल्या.