मानेला पडलेली खाच

"हिच्यावर हात बसवून घे. खासगीतल्या पेशंटवर शिकणार आहेस का?"

मोठे डॉक्टर बोलले हे, लहान डॉक्टरला. मी टेबलावर कुशीवर होते, जागी. कमरेत इंजेक्शन दिलं की खालचं अंग मरतं, कान न्हाई मरत. पडद्यापलीकडं माझं हाड घासून राहिले होते.

नांदेडच्या सरकारी दवाखान्यातली गोष्ट ही. मी बिलोलीकडची, पन्नाशीच्या आतली तवा. उजव्या खुब्याचा गोळा झिजलेला. म्हणले, गोळा काढायचा न्हाई, घासून वर धातूची टोपी बसवायची. बरं म्हणलं.

मग लहान डॉक्टरचा आवाज आला. "सर, गोळ्याखालच्या हाडाच्या मानेला खाच पडली."

"चालतंय. सगळे असंच शिकतात."

"पेशंट जागी आहे, सर," सिस्टर म्हणाली.

"तिला काय कळतंय?"

कोणतरी हसलं. मला लई कळत होतं. शाळा न्हाई पाहिली मी, पण विहारात बसून अक्षराला अक्षर जोडत वाचायला शिकले, आता पोरींना शिकवते. तरी त्या दिवशी तोंडातून शब्द फुटला न्हाई. त्याची लाज अजून हाय.

दीड महिन्यानं नळावर घागर उचलली अन् कट्‌ झालं. खाचेतूनच मोडलं. पुन्हा तोच वॉर्ड. लहान डॉक्टर कागद घेऊन आला. "मावशी, सही करा. आता गोळाच बदलायचा."

"असल्या टोप्या किती बसवल्यात हो तुम्ही?"

"ते कशाला?"

"मोडलंय ते माझं हाय, म्हणून."

त्यानं कागद खाली घेतला. मग म्हणाला, "तुमची दुसरी होती."

खोटं बोलला न्हाई पोरगा. म्हणलं, "शीक बाबा. कोणाच्या तरी हाडावर शिकावंच लागतं. पण मला विचारलंस का? तुझ्या सरांनी तुझा हात धरला का?"

मोठे डॉक्टर आले. "सही नसेल करायची तर लातूरला जा. कुठंही जा."

कळ मस्तकात जात होती. पेन खाली ठेवला, म्हणलं, कोण कापणार त्याचं नाव आधी लिहा. तीन दिवस तशीच पडले. चौथ्या दिवशी कोण कापणार त्याचं नाव त्यांनी कागदावर लिहिलं. मग सही केली.

पाय आखूड झाला तो झालाच. आता डावा खुबा धरलाय. लेक म्हणते, आई, भांडू नको, गुमान करून घे.

भांडणार. किती केल्यात अन् शेजारी कोण उभं राहणार, ते माझ्या तोंडावर सांगावं लागंल. न्हाईतर सरपटत घरी जाईन, त्या टेबलावर चढणार न्हाई.