पेडलवरचं कुंकू

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. देवधरकाकांचं विमान धावपट्टी सोडून वाळूत घुसलं ते माझ्यामुळे.

काकांचा शारजात एसीचे डक्ट बनवायचा धंदा. रोल्लाजवळच्या त्यांच्या घरी जेवायला बसलं की टेबलाखाली त्यांचा उजवा पाय सारखा काहीतरी दाबत असायचा; कधी सतरंजी, कधी माझा अंगठा. "सराव रे!" म्हणायचे. वर्कशॉपमागच्या शेडमध्ये सुट्टीच्या दिवशी खपून त्यांनी दोन सीटचं विमान बांधलं होतं. काकींची अट एकच: "एक ओरखडा जरी आला, तरी उडणं खलास."

मला ते हौसेनं शिकवत. "पॉवर दिली की याचं नाक डावीकडे पळतं, दुबईच्या करामा बाजारात सेल लागल्यावर तुझी काकी पळते तसं. उजव्या पायानं पेडल दाबून त्याची समजूत काढायची. लाथ नाही घालायची, हबीबी, समजूत!"

दसऱ्याला काकींनी विमानाची पूजा केली. नारळ फोडला, नाकावर स्वस्तिक काढलं, आणि मी बसणार त्या बाजूच्या दोन्ही पेडलना हळदकुंकू लावलं. वाळवंटातल्या धावपट्टीच्या टोकापर्यंत विमान काकांनी नेलं. मग पाय सीटखाली ओढून घेतले. "नाहीतर मीच चालवीन. आज तू. यल्ला, चल!"

मी पॉवर दिली. नाक डावीकडे निघालं. पाय पुढे केला आणि समोर ते ठसठशीत कुंकू दिसलं. वहीला पाय लागला तरी नमस्कार करणारा माणूस मी. पाय अधांतरीच राहिला.

"उजवा! अरे उजवा पाय, गाढवा!"

"काका, कुंकू आहे त्यावर!"

त्यांनी आपल्या बाजूचं पेडल दाबेपर्यंत आम्ही वाळूत होतो आणि पंखाचं टोक वाकलं होतं. धूळ बसल्यावर काका इतके हसले की त्यांना पट्टा सोडवेना. मग एकदम गंभीर झाले. "तिला कळलं तर म्हणेल, माझ्या पूजेनंच विमान पाडलं. तू तोंड उघडायचं नाहीस."

काकी धापा टाकत आल्या. "माझाच पाय चुकला गं," काका म्हणाले.

"वय झालं तुमचं. खलास!"

तेव्हापासून गाडीसुद्धा काकीच चालवतात. "यांच्या पायाचा आता भरवसा नाही," असं मला आरशातून सांगतात. शेजारी बसलेले काका उजव्या पायानं मॅट दाबत, हळूच मागे वळून मला डोळा मारतात. मी खिडकीबाहेर बघतो.

पुढच्या महिन्यात दोघं कायमचे पुण्याला निघालेत. विमान केव्हाच दुरुस्त झालंय, शेडमध्ये ताडपत्रीखाली उभं आहे. परवा काका ताडपत्रीवर हात ठेवून म्हणाले, "जाण्याआधी एकदा, फक्त एकदा, नाक सरळ ठेवून वर न्यायचं होतं रे." काकी नाही म्हणाल्या. मी तिथेच, ताडपत्रीची दोरी आवळत होतो.

काकांचा पाय चुकला नव्हता, माझा चुकला होता. काकींना हे सांगणं माझ्याकडून अजून बाकी आहे.