गिलावा काढून बघणारी सिंधु

सिंधुसारखी शक्की बाई औसा तालुक्यात दुसरी न्हाई, अन् लातूर शहरात तर शोधूच नका. ही निंदा न्हाई, तारीफ हाय. बसच्या कंडक्टरनं गाव सांगितलं तरी ती मागच्या सीटवरच्या बाईला पुन्हा विचारून घेणार. देवाला नारळ वाहायच्या आधी कानाशी धरून हलवणार. लोक हसतात. पर जिच्या घराच्या भिंतीनंच दगा दिला तिनं भरोसा ठेवावा कशावर?

किल्लारीच्या शेजारचंच तिचं गाव. भूकंपात तिची आई भिंतीखाली गेली. हातभर रुंद दगडी भिंत, बाहेरून चुन्यानं चकाचक, अन् आत निस्ती माती. मग मदतीचे ट्रक आले. सिंधुच्या घरी बुटांची एक गोणी आली. उघडली तर सगळे बूट डाव्या पायाचे. तवापासून कुणी फुकट म्हणलं की ती एकच विचारती, "उजवा कुठं हाय?"

पुढं सरकारकडून नवं घर मिळालं. सगळे सामान घेऊन आत निघाले, अन् ही उंबऱ्यावर बसली. मुकादमाला म्हणली, "कोपऱ्याचा गिलावा काढा. आतलं लोखंड बघितल्याबिगर पाय ठेवणार न्हाई."

"पोरी, परवाच केलाय की गिलावा."

"मग आजच काढा. पुरता वाळला तर तुम्हालाच जड जाईल."

मुकादमानं शिव्या देत कोपरा फोडला. लोखंड होतं. हिनं ते नखानं खरडून बघितलं, मगच आत गेली. तिचं बघून आख्ख्या ओळीनं आपापले कोपरे फोडून घेतले. आजबी त्या वस्तीत जा, घराघराचा एक कोपरा बिनगिलाव्याचा दिसंल.

अशी ही सिंधु लातूरला टायपिंग शिकली अन् ट्युशन एरियात दोन कॉम्प्युटरचं दुकान टाकून बसली. दुकान टाकून दिलं थोरल्या भावानं, रामलिंगनं. शिक्षण आठवी, पर माणूस असा की कलेक्टरबी उठून खुर्ची देईल. तवा लातुरात कोचिंगचं पीक आलं होतं. नांदेड, उमरी, कंधार, कुठकुठली पोरं डॉक्टर व्हायला येऊन राहिली होती. दर रविवारी क्लासची परीक्षा, अन् दर परीक्षेला नवा पेपर. दत्तोपंत सरांच्या क्लासचे पेपर सिंधुकडं. कामून? तर तिच्या दुकानातून पेपर फुटत न्हाई म्हणून. तिच्या पाठीमागं कुणी उभं राहायचं न्हाई. चुकलेला कागद चुलीत. सख्खा भाऊ आला तरी पडद्यावर टॉवेल.

अन् एका सोमवारी दत्तोपंत सर स्वतः दुकानात आले. नेहमी माणूस पाठवायचे.

"सिंधुताई, कालच्या पेपरातले प्रश्न शेजारच्या क्लासच्या पोरांना शनिवारीच माहीत होते."

सिंधुनं हातातलं पाण्याचं तांब्या-फुलपात्र खाली ठेवलं. "माझ्याकडून गेले म्हणता?"

"मी काहीच म्हणत नाही. शनिवारपर्यंत पेपर फक्त मला ठाऊक अन् तुम्हाला ठाऊक. मी तर सांगितला नाही." सर खाली बघून बोलत होते. "येत्या रविवारचा पेपर तुमच्याकडंच देतो. पुन्हा फुटला तर मात्र माझा नाइलाज."

नाइलाज म्हंजे दुकान बंद. एका क्लासनं काम काढून घेतलं की आख्खा एरिया काढणार. अन् दुकानापरीस नाव मोठं. चोर म्हणून ट्युशन एरियातून निघायचं, अन् तेबी सिंधुनं.

तिनं सगळ्यांवर शक घेतला. सरांवर, पेपराच्या प्रती काढणाऱ्या झेरॉक्सवाल्यावर, अन् रामलिंगवरबी. रामलिंगनं मनावर घेतलं न्हाई. दिलदार माणूस.

दुपारी रामकिशन आला. मशीनी यानंच विकलेल्या, विंडोज यानंच टाकून दिलेलं, कॉपी केलेलं, बिनपावतीचं. गावात सगळ्यांकडं तसलंच होतं. दर महिन्याला व्हायरस शिरायचा, अन् दर महिन्याला रामकिशन मशीनीचा डबा उचलून न्यायचा, फॉरमॅट मारून आणायचा. मागच्याच आठवड्यात नेला होता.

"व्हायरसनंच पेपर बाहेर नेला असंल," पेपर फुटल्याचं ऐकून तो म्हणला. "नेऊन साफ करतो."

"शुक्रवारी न्या," सिंधु म्हणली. एवढंच.

संध्याकाळी नांदेडहून पंचाक्षरी आला. रामलिंगचा मेहुणा, तिकडं कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो. सगळं ऐकून त्यानं पिशवीतून एक सीडी काढली. "अक्का, हे चोरीचं विंडोज काढून टाक. त्याच्या जागी लिनक्स टाकून देतो. फुकट हाय."

"उजवा बूट कुठं हाय?"

"बूट न्हाई. खरंच फुकट. जगातली माणसं मिळून बनवतात, अन् सगळं उघडं ठेवतात. कुणीबी आत बघावं."

सिंधु ताडकन उठली. "माझ्या आत पेपर असतात, पंचाक्षरी. कुणीबी बघावं म्हणतोस? आधीच फुटलाय तेवढा पुरा न्हाई का?"

"तसं न्हाई, अक्का. तुझा पेपर न्हाई दिसत. मशीनीचं बांधकाम दिसतं. कसं रचलं, कुठं काय घातलं."

"अन् पैसे देऊन पावतीचं विंडोज घेतलं तर?"

"तेबी चांगलं हाय. पर त्याचं बांधकाम तुला-मला दाखवत न्हाईत. कंपनीच्या शब्दावर राहायचं."

सिंधु पुन्हा खाली बसली. घराचा फोडलेला कोपरा आठवला असणार. मग म्हणली, "तुला ते बांधकाम कळतं का?"

"सगळं न्हाई," पंचाक्षरी खरं बोलला. "पर ज्यांना कळतं ते रोज ठोकून बघतात."

"एका मशीनीत टाक. दुसरी तशीच राहू दे. शब्दावर मी ना कंपनीच्या राहणार, ना तुझ्या."

तो गेल्यावर तिनं दोन खोटे पेपर टायपले. विंडोजच्या मशीनीत एक प्रश्न घातला: मल्लम्माची म्हैस ओल्या उतारावरून घसरली, तर घर्षण काढा. लिनक्सच्या मशीनीत तोच प्रश्न, फक्त म्हशीच्या जागी रेडा. खरा पेपर कुठंच टायपला न्हाई. सरांना निरोप दिला की पेपर शनिवारी रात्रीच मिळंल, अन् हे कुणाला बोलू नका.

लिनक्सवर मराठी टायपताना हात बेजार झाले. जुना फॉन्ट तिथं उघडला तर नुसत्या रेघोट्या. नवा कीबोर्ड शिकावा लागला. ती पंचाक्षरीच्या नावानं बोटं मोडत शिकली.

शुक्रवारी रामकिशन आला. तिनं दोन्ही डबे दिले. तो म्हणला, "दुसऱ्याला तर काई झालं न्हाई ना?"

"त्यालाबी साफ करा. शकच नको."

शनिवारी दोन्ही परत आले. दुपारी सिंधुच्या सांगण्यावरून रामलिंग क्लासबाहेरच्या चहाच्या गाड्यावर बसला. शेजारच्या क्लासची दोन पोरं भांडत होती.

"म्हशीचं वजनच दिलं न्हाई, तर घर्षण कसं काढायचं?"

"अरे, म्हैस हाय. वजन धरून चालायचं."

रामलिंगचा कान म्हंजे सशाचा. तासभर बसला, तीन चहा पिला. म्हैस सगळीकडं होती. रेड्याचं नाव कुणाच्या तोंडी न्हाई.

सिंधुनं दत्तोपंत सरांना बोलावलं अन् रामकिशनलाबी. म्हैस अन् रेड्याची हकीकत ऐकून रामकिशन म्हणला, "व्हायरसच असंल, मॅडम."

"व्हायरस चहाच्या गाड्यावर बसतो व्हय? अन् मग रेडा कामून सुटला?"

रामकिशननं पिशवी काखेत मारली. म्हणला, "तो दुसरा डबा मला उघडताच आला न्हाई. ते लिनक्स मला येत न्हाई."

रामकिशन उठून गेला, तो पुन्हा त्या गल्लीत दिसला न्हाई. सरांनी चष्मा पुसला. "सिंधुताई, कंपनीचं पावतीचं विंडोज घेऊन देतो. बक्षीस समजा."

"एका मशीनीत टाका, जुन्या फॉन्टसाठी लागतंय. पर पेपर या उघड्या लिनक्सवरच टायपणार. पंचाक्षरी म्हणतो, शिकलेला चोर हेबी उघडू शकतो. म्हणून आता डबा दुकानाबाहेर जाणार न्हाई. दुरुस्ती करणाऱ्यानं इथं यावं, माझ्यासमोर करावं."

"म्हणजे या लिनक्सवर तरी तुमचा विश्वास बसला."

"न्हाई," सिंधु म्हणली. "पर याचा कोपरा फोडून बघायला मनाई न्हाई."

पंचाक्षरी महिन्यातून एकदा नांदेडहून येतो. त्याला चहा मिळतो, खारी मिळते, अन् तो आला की पडद्यावर टॉवेलबी पडतो. त्यानं ते कधी मनाला लावून घेतलं न्हाई.

पुढच्या सोमवारी सरांनी हातानं लिहिलेला नवा पेपर धाडला. टायपता टायपता सिंधु मध्येच थांबली. एक प्रश्न धड्यातला नव्हता: कंधारच्या किल्ल्यावरून एका बोकडानं उडी मारली, तर वेग काढा.

सर तिलाच तपासत होते.

रामलिंगला भयंकर राग आला. "एवढं सिद्ध करून दाखवलं, तरी शक? कागद तोंडावर मार त्यांच्या."

सिंधु हसली. असं हसताना ती क्वचितच दिसते. "मारू कामून? लोखंड बघून राहिलेत. बघू दे."

अन् तिनं बोकडाचा प्रश्न जसाच्या तसा टायपला.